ध्रुवाकडील थंडी आणि आपल्या प्रांतांतील दगड

नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हां बर्फाच्या देशांची गोष्ट फार दूरची वाटते. परंतु तसा देश एके काळीं येथूनच जवळ होता, आणि त्याची साक्ष दगडांत आहे.

प्रथम थंडीचीं कारणें पाहूं. पृथ्वी गोल असल्यामुळें विषुववृत्तापाशीं सूर्याचे किरण बहुधा सरळ पडतात, आणि ध्रुवांकडे तिरपे पडतात. सकाळचें तिरपें ऊन दुपारच्या उन्हासारखें तापत नाहीं, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ध्रुवांवर उन्हाळ्यांतही ऊन तिरपेंच असतें, आणि हिवाळ्यांत तर कित्येक महिने सूर्य उगवतच नाहीं. शिवाय ताजें हिम आपणांवर पडलेल्या प्रकाशाचा बहुतेक भाग परत फेंकतें. दक्षिण ध्रुवखंडांतील व्होस्टोक ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजीं उणें ८९.२ अंश थंडी मोजली गेली.

उंच पर्वतांवरील थंडीचें कारण निराळें आहे. हवा मुख्यत्वें जमिनीच्या उष्णतेनें तापते, आणि वर चढतांना विरळ होऊन निवते. दर १,००० मीटर उंचीस उष्णता सुमारें साडेसहा अंशांनीं कमी होते. नागपूर सुमारें ३१० मीटर व चिखलदरा सुमारें १,१०० मीटर उंचीवर आहे. म्हणून तेथें सुमारें पांच अंश अधिक गारवा असतो. हिमालय याहून कितीतरी उंच, म्हणून त्याच्या शिखरांवर हिम बारमास टिकतें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. सुवार्तेचें काम करीत असतांच त्यांनीं येथील खडकांचा अभ्यास केला, व कामठीच्या बाजूस दगड झालेलीं प्राचीन वनस्पतींचीं पानें शोधून काढिलीं. १८६३ सालीं ते ओढ्याच्या पाण्यांत बुडून मरण पावले. पुढें १८७५ सालीं फेडन नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञानें चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस इरई गांवाजवळील खडकाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथील चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे होते. आणि त्यावरील थरांत लहानमोठे दगड मातींत मिसळलेले होते. नदी दगडांची निवड करिते; मोठे एकीकडे, बारीक वाळू दुसरीकडे. बर्फ मात्र सर्व एकत्र ओढीत नेतो, आणि त्याच्या तळाशीं रुतलेले दगड खालील खडकास कानशीप्रमाणें घासतात. म्हणजे येथें हिमनदी होती! सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं आपली भूमि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण ध्रुवखंड यांस जोडलेली असून दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. पुढें ती हळूहळू उत्तरेकडे सरकली.

तो बर्फ वितळल्यावर तेथें दलदली व रानें झालीं, आणि त्यांचाच दगडी कोळसा बनला. आज तो कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथें वीज करण्यासाठीं जळतो. जगभर असा कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंतील कार्बन वायूचें प्रमाण दहा लाख भागांत सुमारें २८० होतें, तें आतां ४२० च्या वर गेलें आहे. हा वायु उष्णता धरून ठेवितो. म्हणून ध्रुवांवरील व हिमालयावरील बर्फ घटत चालला आहे. सिंधु, गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या पाण्यावर जगणाऱ्या लोकांस याची झळ लागणार. पूर्वीं जें होण्यास लाखों वर्षें लागलीं, तसा पालट मनुष्य दोन-तीन शतकांत करूं लागला आहे.

ईयोबाच्या ३८ व्या अध्यायांत परमेश्वर हिमाविषयीं प्रश्न विचारितो, आणि ईयोबास उत्तर सुचत नाहीं. आम्हांस त्या प्रश्नांतील थोडेंसें कळूं लागलें आहे. परंतु ज्यास अधिक कळलें त्याची जबाबदारीही अधिक. ही सृष्टि धन्याची आहे, आपण केवळ कारभारी आहों. तेव्हां दिवा विनाकारण जळूं देऊं नये, झाड विनाकारण तोडूं नये, आणि हें ज्ञान आपल्या मुलांस द्यावें.