एका अक्षराचा फरक

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी डीएनएचे दोन धागे सुटे होतात. प्रत्येक धाग्यासमोर ए-टी, जी-सी अशा जोड्या जुळून नवा धागा तयार होतो. म्हणूनच मूळ प्रतीतली चूक पुढच्या प्रतीतही उतरते.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. आपल्या आदिलाबादेत आणि शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूर भागात सिकलसेल आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात 'ए'च्या जागी 'टी' येतो, बदल एवढाच. पण त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर त्याचे जनुक जवळजवळ बंद होते. हे काम बीसीएल११ए नावाचे दुसरे जनुक करते. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींत त्याचा जोर कमी केला, की गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. अशा उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली!

आपल्या हाती आहे ती तपासणी. वाहक व्यक्ती सहसा आजारी नसते, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. पालकांना आम्ही विनंती करतो, की मुलांचे रक्त तपासून घ्यावे आणि सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे अहवाल पाहावेत. वाहक असणे हा कुणाचा दोष नाही, ते लपवू नये.