परसबागेतील काकडी : फलधारणा आणि वेळेवर तोडणी

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर या परिसरातील भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि घरामागचे परस गच्ची व सज्जा यांपुरते उरले. तरीही मोठी कुंडी, चांगले ऊन आणि छोटासा मांडव एवढ्यावर काकडीचा वेल उत्तम वाढतो. काकडी बहुधा कच्चीच खाल्ली जाते. म्हणून ती स्वच्छ पाण्यावर, विषारी फवारणीविना वाढलेली असणे महत्त्वाचे होय.

मात्र पुष्कळ ठिकाणी वेल फोफावतो, फुले येतात, पण फळ धरत नाही. मग खताची मात्रा वाढविली जाते. दोष बहुधा खताचा नसून परागीभवनाचा असतो.

लागवड

पावसाळी पीक जून-जुलैमध्ये, तर उन्हाळी पीक जानेवारी-फेब्रुवारीमध्ये घ्यावे. जास्त पावसाच्या कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'शीतल', तर उन्हाळ्यासाठी 'पूना खिरा' ही जात उपयुक्त आहे. कुंडीच्या तळाला छिद्रे असावीत. माती व कुजलेले शेणखत मिसळून दोन-तीन बिया सुमारे २ सेंटिमीटर खोल टोकाव्यात आणि जोमदार रोप तेवढे ठेवावे. येथील मुसळधार पावसात मुळाशी पाणी साचू देऊ नये. उन्हाळ्यात मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नये, कारण ताणामुळे फळात कडवटपणा वाढतो.

फुलोरा

वेलावर आधी नर फुले येतात व गळून जातात. त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवली काकडी दिसते. नर फुलातील पराग तेथे पोहोचविण्याचे काम मधमाश्या करतात. उंच मजल्यावर त्या कमी फिरकत असतील, तर सकाळी ताजे नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक फवारल्यास मधमाश्याच मरतात. फळमाशीने डंख केलेली वेडीवाकडी फळे तोडून नष्ट करावीत.

तोडणी

पेरणीपासून सुमारे ४० ते ४५ दिवसांत पहिली फळे मिळतात. फळ कोवळे, बी न भरलेले असतानाच, दर दोन-तीन दिवसांनी सकाळी तोडणी करावी. फळ ओढल्यास वेल दुखावतो. म्हणून देठासह कात्रीने कापावे. एखादे फळ पानांआड राहून पिकले, तर वेलाची शक्ती बी पोसण्यात खर्च होते आणि नवी फलधारणा मंदावते. नियमित तोडणी हाच जास्त उत्पन्नाचा सोपा मार्ग आहे. अतिशय कडू लागणारे फळ खाऊ नये.

शाळेच्या परसबागेत एक वेल लावल्यास नर-मादी फुले, परागीभवन आणि फलधारणा हा धडा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल. पंचायत सदस्यांनी शाळेला बियाणे व पाण्याची सोय करून दिली, तर दीड महिन्यात मुलांच्या ताटात त्याचे फळ दिसेल.