परक्या गादीवरची रात्र

किनवट,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. सौ. भाचीस,

तुझे पत्र पोचले. पौषी अमावास्येच्या सुमारास नंदिग्राम एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आदिलाबादेस उतरावे, तेथील लॉजमध्ये दोन रात्री मुक्काम करावा, एक दिवस कुंतलाचा धबधबा व एक दिवस केसलापूरची नागोबाची जत्रा मुलांना दाखवावी आणि परतताना बासरला सरस्वतीच्या पायांशी धाकटीचा अक्षराभ्यास उरकून घ्यावा, हा तुमचा बेत वाचून मला जो आनंद झाला, तो पत्राच्या अखेरच्या मजकुराने निम्म्यावर आला. चिरंजीव सहा वर्षांचा झाला तरी आठवड्यातून तीन-चार रात्री अंथरूण ओले करतो. परक्या ठिकाणी तसे झाले तर लॉजवाल्यांना तोंड कसे दाखवावे, त्यापेक्षा जाणेच रहित करावे की काय, असे तू विचारतेस. रहित करू नये. हे उत्तर मी आधीच लिहून टाकते, कारण हे पत्र बरेच लांबणार आहे आणि तोवर तुझा जीव टांगणीला लागू नये.

मी बत्तीस वर्षे पहिलीचा वर्ग चालवला. चाळीस पोरांच्या त्या वर्गात पाच-सहा तरी अशी असत, हे मला त्यांच्या आया शाळा सुटल्यावर, इतर बायका पुढे गेल्या की मागे रेंगाळून, हलक्या आवाजात सांगत; आणि प्रत्येक आईची समजूत अशी, की हे दुर्दैव साऱ्या गावात आपल्याच घरी उतरले आहे. वस्तुस्थिती अशी आहे, की पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात. त्यांतली दर वर्षी साधारण शेकडा पंधरा कोणत्याही औषधावाचून आपोआप बरी होतात, आणि दहाव्या वर्षापर्यंत शंभरात पाचाच्या आसपास उरतात. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की शार्ङ्गधराने बालरोगांच्या गणनेत तिला ‘शय्यामूत्र’ असे स्वतंत्र नाव दिले. मुलाची झोप गाढ असते, मूत्राशय भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचूनही त्याला जाग येत नाही. शिवाय रात्री मूत्र कमी तयार व्हावे यासाठी शरीरात जो अंतःस्राव वाढावा लागतो, तो काही मुलांत उशिरा वाढू लागतो. यात आळस नाही, हट्ट नाही, धाकटी बहीण झाल्याचा राग तर मुळीच नाही. तुझ्या सासूबाई तिळाचे लाडू देतात, ते संक्रांतीच्या दिवसांत खुशाल दे. त्यांनी मूल गोड होईल, गादी कोरडी होईल असे मात्र नाही.

हे कोणाकडून आले, असे तुम्हां उभयतांत वादाचे कारण झालेले दिसते. आई-बाप दोघांपैकी एकाला लहानपणी ही सवय असेल तर मुलात ती उतरण्याचा संभव शेकडा चाळीसच्या पुढे, आणि दोघांनाही असेल तर पंचाहत्तरच्याही पुढे जातो. जावईबापूंना मी विचारणार नाही, तू विचार. आपल्या घराण्याची कैफियत मात्र मी सांगते, आणि ती सांगण्यापूर्वी काल तुझ्या बाबांना फोन करून त्यांची परवानगी घेतली आहे. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, लिही, नातवाच्या कामी येत असेल तर अवश्य लिही.

१९५६ च्या जानेवारीतली गोष्ट. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडास जोडला गेला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. तुझे आजोबा तहसिलीत पेशकार होते आणि दफ्तराच्या कामासाठी आदिलाबादेस निघाले असता आम्हां दोघांना बरोबर घेऊन गेले. मी आठ वर्षांची, तुझे बाबा पाच वर्षांचे. उतरलो एका धर्मशाळेत, आणि थंडी मोठी म्हणून तेथल्या दिवाणजींनी आपली स्वतःची गादी आम्हांला दिली. कापसाच्या मुलखातली ती गादी, नुकतीच पिंजाऱ्याकडून भरून आणलेली, पांढरीशुभ्र. पहाटे मला जाग आली तेव्हा कंदिलाची वात बारीक केलेली होती, तुझे बाबा माझ्या अंथरुणावर कोरड्या सदऱ्यात गाढ झोपले होते, आणि आजोबा, ज्यांच्यापुढे तालुक्याचे पाटील-पटवारी उभे राहून बोलत, ते गुडघ्यांवर बसून आपले धोतर चौघडी करून त्या ओल्या डागावर ठेवत आणि त्यावर गुडघ्याने भार देत होते. घडी भिजली की उलटत, पुन्हा दाबत. मग त्यांनी गादी खांद्यावर घेऊन धाब्यावर नेली. उजाडल्यावर ते एकटेच दिवाणजींकडे गेले, काय घडले ते सांगितले, दोन रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि परत आल्यावर आम्हांला दशम्या खायला दिल्या. तुझ्या बाबांना त्या दिवशी कोणी एक अक्षर विचारले नाही. आपण काही केले होते, हे त्यांना कित्येक वर्षांनी माझ्याकडूनच कळले.

हे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरीही स्वतःवर वेळ आली तेव्हा मला त्यातले काही आठवले नाही. १९७८ साली मी तुझ्या आतेभावाला, तो सहा वर्षांचा असताना, ह्याच नागोबाच्या जत्रेसाठी नेले. मेसराम कुळातली माणसे गोदावरीचे पाणी पायी चालत आणून नागोबाला अभिषेक करतात, आणि १९४० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या दरबारात डोंगरातले गोंड बांधव सरकारी अंमलदारांपुढे आपली गाऱ्हाणी मांडतात, हे सारे त्याला दाखवावे अशी हौस होती. आदल्या रात्री आदिलाबादच्या एका लॉजमध्ये उतरलो. सकाळी खोली झाडायला आलेल्या पोराने ओली गादी पाहिली आणि जिन्यावरूनच खाली ओरडून सांगितले, कारकून वर आला, दोन बिऱ्हाडांची माणसे दारात उभी राहिली, आणि मी, स्वतःची अब्रू वाचवावी म्हणून, त्या सर्वांच्या देखत माझ्या मुलाला म्हणाले, “एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?” गादीचे पैसे मी दिलेच. पण त्या दिवशी जत्रेत त्याने पाळण्याकडे पाहिले नाही, बत्तासे हातात धरून ठेवले ते ओल्या मुठीत विरघळले. पुढे पाच वर्षे तो कोणाच्या घरी रात्री राहिला नाही. शाळेचे शिबिर निघाले तेव्हा पोट दुखते म्हणाला. मला कारण समजत होते, पण त्याच्याशी ते बोलण्याचा धीर मला झाला नाही. त्याच्या मुलीला हीच सवय लागली तेव्हा तो चाळिशीचा होता, आणि तेव्हा प्रथम तो मला म्हणाला, “आई, गादीचे मला काही वाटले नव्हते, तू त्या लोकांच्या बाजूला जाऊन उभी राहिलीस, त्याचे वाटले.”

बिहारातल्या मोतीहारीस १९०३ साली जन्मलेल्या आणि पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने प्रसिद्धीस आलेल्या इंग्रज लेखकाचा, त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापलेला एक निबंध आहे. आठव्या वर्षी त्याला इंग्लंडातल्या वसतिगृहाच्या शाळेत घातले, आणि आठ-पंधरा दिवसांतच तो अंथरूण ओले करू लागला. त्यासाठी खाल्लेला मार त्याने वर्णिला आहेच. परंतु मुख्याध्यापकांच्या पत्नीने एका अनोळखी बाईपुढे त्याला उभे करून त्याचा दोष सांगितला, तो प्रसंग त्याने त्याहूनही बारकाईने जपून ठेवलेला दिसतो. मारणारे घरचे असोत की शाळेचे, त्रयस्थाच्या डोळ्यांसमोर झालेला पाणउतारा मुलाला अधिक खोल लागतो. म्हणून तुला माझी मुख्य विनवणी इतकीच आहे, की लॉजच्या गादीचा जो काही व्यवहार होईल तो तू आणि तेथला व्यवस्थापक यांच्यामध्ये होऊ दे. मूल त्या व्यवहारात साक्षीदार म्हणूनसुद्धा हजर असता कामा नये.

आता तजवीज. दीड मीटर मेणकापड घे, आणि त्यावर घालायला जुनी सुती गोधडी; असे दोन जोड घेतलेस तर अधिक बरे, म्हणजे ते एकावर एक अंथरून रात्री वरचा जोड ओढून घेतला की खालचा कोरडा तयार असतो आणि दिवा न लावता दोन मिनिटांत काम उरकते. लॉजमध्ये जादा गादी मागून ती जमिनीवर घालावी, कारण पलंग उंच असतो आणि अंधारात उतरण्याच्या भयाने जागी झालेली मुलेही पडून राहतात. खोलीत शिरताच पिशव्या उघडण्यापूर्वी चिरंजीवाला संडास कोठे, दिव्याचे बटण कोठे, कडी कशी निघते, हे त्याच्याच हाताने करून दाखव, आणि आतला दिवा रात्रभर लावून दार किलकिले ठेव. गाडीत त्याला खालचा बर्थ घ्यावा, हे सांगायला नको.

प्रवासात घोटाळा होतो तो दिवसा. वाटेत सोय नसते म्हणून आपण मुलांना पाणी कमी देतो, ती लघवी दाबून बसतात, आणि रात्री मुक्कामाला पोचल्यावर तांबेच्या तांबे पितात. हे उलटे करायला हवे. सकाळपासून घोट घोट पाणी द्यावे, दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबवावी, आणि झोपण्यापूर्वी तास-दीड तास पाणी, दूध, चहा, थंड बाटल्या बंद ठेवाव्यात. तहान लागलीच तर घोटभर नाकारू नये. परक्या संडासात मुले शौचाला बसत नाहीत आणि कोठा जड राहिला की मूत्राशयावर दाब येतो, याकडेही लक्ष दे. पपई आणि भिजवलेल्या मनुका बरोबर असू देत. आदिलाबादची थंडी तेलंगणात सर्वांत कडक म्हणून ओळखली जाते, आणि थंडीत घाम येत नाही, मूत्र जास्त होते, त्यामुळे घरी कोरडा राहणारा मुलगाही तेथे ओला होईल, हे मनाशी धरून चाल. निजण्यापूर्वी दोनदा लघवीला पाठवावे, एकदा कपडे बदलताना आणि एकदा दिवा मालवताना. तुम्ही झोपाल तेव्हा त्याला एकदा उठवावे, पण कडेवर उचलून नव्हे, पूर्ण जागा करून त्याच्या पायांनी चालवत. याने सवय जाते असे नाही. ती रात्र कोरडी जाण्याची शक्यता वाढते, तेवढेच.

डायपरला माझी हरकत नाही, पण त्याला विचारून. त्याने मान हलवली नाही तर विषय तेथेच सोड. डेस्मोप्रेसिन नावाची गोळी अशा चार दिवसांच्या मुक्कामापुरती डॉक्टर देतात, पण ती घेतल्यावर रात्री पाणी प्यायल्यास रक्तातले क्षार उतरून मुलाला झटके येऊ शकतात. म्हणून ती घरीच, तुमच्या बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी वापरून पाहिलेली असावी, मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेली नसावी. ओले होताच वाजणारी घंटा अमेरिकेतल्या मौरर दांपत्याने १९३८ साली प्रसिद्धीस आणली आणि आजही तिच्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही. परंतु ती दोन-तीन महिने घरी लावण्याची वस्तू आहे, लॉजमध्ये न्यायची नव्हे. आणि एवढे लक्षात ठेव: सहा महिने कोरडा राहिलेला मुलगा एकाएकी ओला करू लागला, दिवसाही कपडे भिजवू लागला, सारखे पाणी मागून वाळू लागला, किंवा लघवीला जळजळ म्हणाला, तर त्याला सवय म्हणू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

इतके करूनही गादीपर्यंत गेले, तर आजोबांचे धोतर आठव. चोळायचे नाही, चोळल्याने ओल कापसात खोल उतरते. कोरड्या टॉवेलची घडी ठेवून गुडघ्याने दाबायचे, घडी बदलायची, थोडे गार पाणी टाकून पुन्हा दाबायचे, आणि वर खाण्याचा सोडा पसरून पंखा लावून ठेवायचा. कढत पाणी घालू नकोस, वास पक्का बसतो. आणि गादी उलटी करून डाग खाली दडवण्याची जी युक्ती पुष्कळ लोक करतात, ती तू करू नयेस. पुढच्या रात्री तिच्यावर दुसऱ्या कोणाचे तरी मूल निजणार असते. जावईबापूंनी मुलांना घेऊन चहाला जावे, आणि तू एकटीने खाली जाऊन, झाडणारा माणूस वर येण्याच्या आत, सरळ सांगावे: रात्री मुलाकडून गादी ओली झाली आहे, धुलाईचा जो खर्च असेल तो बिलात लावा. बहुतेक ठिकाणी माणसे सौजन्याने वागतात. कोणी आवाज चढवलाच तर पैसे दुप्पट दे, पण त्याला वर येऊ देऊ नकोस. जी बाई प्रत्यक्ष चादरी धुणार तिच्या हातावर वेगळे शंभर रुपये ठेव. बिलातले पैसे तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

मुलाला काय सांगायचे, असेही तू विचारले आहेस. रात्री कपडे बदलताना काही सांगू नये, पांघरूण घालावे. दिवसा, गाडीत खिडकीशी बसलेले असताना, त्याच्या आजोबांनी स्वतःची गोष्ट त्याला सांगावी, असे मी काल फोनवर सुचवले. ते तुमच्याबरोबर बासरपर्यंत यायला तयार आहेत. २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाल्यापासून बासर निर्मल जिल्ह्यात मोडते, हे त्यांना अजून पटत नाही आणि ते वाटेत त्यावरही बोलतील, बोलू दे.

नंदिग्राम किनवटला थोडाच वेळ थांबते. मी फलाटावर येईन. आईच्या हातची एक गोधडी आहे, सात ठिकाणी ठिगळे लावलेली, पाणी चटकन पिणारी आणि उन्हात तासाभरात वाळणारी. ती खिडकीतून देईन. ती खराब होईल म्हणून जपू नकोस. पत्राचे उत्तर डबा आणि सीट नंबरासह धाड.

तुझी,
आत्या