स्मॉगला जाण्याआधी सायलेन्सरकडे कान द्या

बे एरियात नव्याने आलेल्यांची पहिली गाडी बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जुनी कोरोला, सिव्हिक नाहीतर प्रियस असते. घेतानाच 'स्मॉग झालंय का?', म्हणजे इथली प्रदूषण तपासणी झालीय का, हे विचारा. कॅलिफोर्नियात खासगी व्यवहारात स्मॉग सर्टिफिकेट देणं विकणाऱ्याचं काम आहे, आणि ते सर्टिफिकेट 90 दिवसच चालतं. 'तुम्हीच करून घ्या, किमतीत काहीतरी सोडतो' असं कुणी म्हणालं, की आमच्यातले जुनेजाणते तिथूनच मागे फिरतात. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं यांच्यात गाडी नावावर करताना ही अट नसते. मित्राच्या मित्राला मात्र भाऊ म्हणून भागत नाही.

आपल्याला सवय पीयूसीची. पेट्रोलपंपाच्या कडेला गाडी लावायची, सायलेन्सरमध्ये नळी घातली की दोन मिनिटांत कागद हातात. इथे 2000 आणि त्यापुढच्या मॉडेलच्या पेट्रोल गाडीला नळी लावतच नाहीत. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला केबल जोडतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरने काय नोंदवून ठेवलंय ते वाचतात. त्याखेरीज प्रदूषण रोखणारे भाग जागेवर आहेत का, हे डोळ्यांनी पाहतात. त्याहून जुन्या गाड्या शहरी भागात रोलरवर चढवून ताशी 15 आणि 25 मैलांनी पळवतात आणि धूर मोजतात. त्यामुळे 'सायलेन्सर थोडा फुटलाय, पण आता धूर कोण मोजतंय?' असा हिशेब बरेच जण करतात. तो इथेच चुकतो.

इंजिनमधून जळका वायू सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे पाइपात क्षणभर दाब उतरतो आणि फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, म्हणजे मॅनिफोल्डच्या आसपास असली, की सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. इंधन कमी पडतंय असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडायला लागतो. प्रत्यक्षात इंजिनला त्याची गरज नसते. मग कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल वाढतं, मायलेज घसरतं, धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर नको इतका तापतो. एका मर्यादेनंतर पी0171 हा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. दिवा लागलेला असला की स्मॉग नापास, धूर कितीही स्वच्छ असो.

फट मागच्या सेन्सरच्या जवळ असली तर खिशाला जास्त चाट बसते. हा सेन्सर कन्व्हर्टर नीट काम करतोय का, हे पाहायला असतो. आत शिरलेल्या हवेने तो फसतो आणि पी0420 हा कोड येतो. कोड पाहून मेकॅनिक सांगतो, 'कन्व्हर्टर गेला.' सॅन होजेच्या एका कुटुंबाला असाच हजार डॉलरपुढचा आकडा ऐकवला होता. शेजारच्या काकांनी दुसऱ्या मेकॅनिककडे पाठवलं, तेव्हा जोडावरचं गॅस्केट जळाल्याचं निघालं. कॅलिफोर्नियात कन्व्हर्टर एअर रिसोर्सेस बोर्डाच्या मान्यतेचा नंबर असलेलाच लागतो, म्हणून तो महाग पडतो. आमचं एकच सांगणं: 'कन्व्हर्टर बदला' हे ऐकल्यावर 'आधी लीक तपासलंत का?' हे विचारल्याशिवाय सही करू नका. प्रियसचे कन्व्हर्टर चोरीला जातात, त्यामुळे नवा बसवलेली गाडी घेत असाल तर त्याचे जोड मुद्दाम पाहून घ्या.

लीक ओळखायला सकाळची वेळ उत्तम. थंड इंजिन सुरू करा, बॉनेट उघडा आणि ऐका. टिक-टिक-टिक असा बारीक आवाज येतो आणि काही मिनिटांत विरतो, कारण धातू तापून फुगला की फट मिटते. म्हणूनच गाडी चालवत मेकॅनिककडे नेली की त्याला काही ऐकू येत नाही. रात्रीच त्याच्याकडे सोडा, सकाळी तो स्वतः सुरू करील. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर ती खूणच समजा. मिशिगन-न्यू जर्सीकडून गाडी आणली असेल तर रस्त्यावरच्या मिठाने बोल्ट गंजलेले असतात. उघडताना तुटले की मजुरी वाढते. वरून पेस्ट किंवा पट्टी लावून फार दिवस निभत नाही.

बॅटरी काढून दिवा विझवायची युक्ती कुणीतरी सांगेलच. तिने गाडीच्या आतल्या स्वयंचाचण्या पुसल्या जातात आणि त्या अपुऱ्या असल्या तरी नापासच. शिवाय 2010 पासूनच्या गाड्यांत कायमस्वरूपी कोड राहतात, ते असे पुसता येत नाहीत. दुरुस्तीनंतर काही दिवस शहरात आणि फ्रीवेवर नेहमीसारखी गाडी चालवा, मग टेस्टला न्या.

टेस्टचं जाऊ द्या, लीक असलेल्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो आणि त्याला वास नसतो. गाडीत बसलं की डोकं दुखतंय, पोरं मळमळतंय म्हणतायत, तर गाडी लागली असेल म्हणून सोडून देऊ नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीच चालू ठेवू नका.

स्मॉग अडकलं तरी डीएमव्हीची फी मुदतीत भरून टाका, म्हणजे दंड टळतो. उत्पन्न कमी असेल तर ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडून दुरुस्तीला मदत मिळते. मात्र अर्ज आधी मंजूर व्हावा लागतो. आधी दुरुस्ती करून मग पावती पाठवली तर पैसे मिळत नाहीत.