गोड न खाणाऱ्याची साखर

परवा २२ वर्षांचा एक तरुण थकव्याची तक्रार घेऊन आला. वजन वाढलेले, वडिलांना मधुमेह. रक्तातील साखर काठावर निघाली. ‘‘डॉक्टर, मी गोड खातच नाही!’’ मी विचारले, ‘‘अरे, पण पितोस काय?’’ रोज कोलाच्या दोन बाटल्या! ३०० मि.लि. कोलात सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणे हितकारक ठरवले आहे. प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही. जेवण तेवढेच जाते. जादा साखरेची यकृतात चरबी होते, दात किडतात, मधुमेहाचा धोका वाढतो. तहानेला पाणी किंवा साधे ताक उत्तम. आपल्या मुलांनाही विचारा, पितोस काय?