फडाचे बारे आणि गावाचा निर्णय

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावलेली पांझरा धुळे शहरावरून वाहत जाऊन अमळनेर तालुक्यातील नीम येथे, कपिलेश्वराच्या मंदिराजवळ तापीस मिळते. अमळनेरकडील शेतकऱ्यास ही नदी तिच्या अखेरच्या टप्प्यात भेटते. मात्र तिच्या वरच्या अंगास गावकऱ्यांनी पाणी वाटून घेण्याची जी रीत बसविली, ती अमळनेरच्या शेतकऱ्यानेही जाणून घ्यावी अशी आहे. ही रीत म्हणजे फड पद्धत होय. पांझरेवर, तसेच नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील मोसम, आरम इत्यादी नद्यांवर ती तीनशेहून अधिक वर्षे चालत आली असे मानले जाते.

नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटात वळविले जाते. पाटातून चाऱ्या निघतात, आणि चाऱ्यांतून पाणी शेतांत जाते. बंधाऱ्याखालील सर्व भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असतात. यातील प्रत्येक भागास फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा, कोणता फड पडीत, हे पाण्याचा अंदाज घेऊन सर्व शेतकरी मिळून ठरवितात, आणि पुढील वर्षी पिके फडाफडांतून फिरतात.

येथे शेतकरी नेमके काय सोडतो, हे नीट पाहणे अगत्याचे आहे. आपल्या शेतात आपल्या मनाचे पीक घेण्याची मुभा तो सोडतो. उसास भाव चढा असला आणि त्याची जमीन त्या वर्षी गव्हाच्या फडात असली, तर तो गहूच पेरतो. आपल्या सवडीने पाणी घेण्याची सोयही तो सोडतो, कारण पाटाचे दार उघडणे त्याच्या हाती नसते. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असते. दूरदूरच्या तुकड्यांवर बैल, औत आणि माणसे नेण्याचा त्रास काही लहान नव्हे; पण त्या विखुरण्यामुळेच एखादा फड पडीत राहिला तरी त्याचे सारे वर्ष बुडत नाही. ज्याची सारी जमीन एकाच फडात, त्याला मात्र हा नियम खरोखर जाचतो. ही अडचण झाकून फडाची नुसती स्तुती करणे योग्य होणार नाही.

या त्यागाचा मोबदला पाण्याच्या हिशेबात मिळतो. सर्व फडास एकच पीक असल्याने सर्वांची तहान एकाच वेळी लागते. पाणी एकदा फडात शिरले की शेताशेतांतून क्रमाने पुढे जाते. एका गव्हाच्या वाफ्यासाठी कोसभर कोरडा पाट ओला करावा लागत नाही, आणि वाटेत मुरून जाणारे पाणी वाचते. शेजाऱ्याच्या उसाचे पाणी झिरपून आपल्या हरभऱ्याचे नुकसान होत नाही. पेरणी व कापणी एकदम होत असल्याने राखणही एकत्र करता येते.

ही व्यवस्था गावाने नेमलेल्या माणसांवर चालते. पाणी देण्याचे काम पाटकरी व बारेकरी करतात, जागल्या पिकाची राखण करतो, आणि हवालदार या सर्वांवर देखरेख ठेवतो. त्यांचा मेहनताना परंपरेने शेतकऱ्यांच्या धान्यातून दिला जाई. शेतमालकाने स्वतः पाणी फिरवावयाचे नाही, हा नियम वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु रात्रीच्या अंधारात दार वर करण्याचा मोह आणि त्यातून उपजणारी भांडणे यानेच टळली. पाटाची साफसफाई मात्र साऱ्यांची. जो कामास येत नाही, त्याने दंड भरावयाचा.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा आरंभीच्या काळात पांझरेच्या परिसरात त्यांनी काम केले. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी पिकांच्या फेरपालटीची ठोक पद्धत सुचविली. फडाशी तिचे साम्य कोणाही जाणकाराच्या ध्यानी येते.

आज पांझरेवर फड पूर्वीसारखे उरलेले नाहीत. वरच्या बाजूस लाटीपाडा व अक्कलपाडा येथे धरणे झाली, आणि नदीतील पाण्याची वेळ ठरविणे गावाच्या हातून गेले. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. विहिरी झाल्या, विजेचे पंप बसले, आणि ज्यास स्वतःचे पाणी मिळाले त्यास पाटाची गरज वाटेनाशी झाली. असा शेतकरी पाट साफ करावयास येत नाही, आणि फडाचे पीकही मानीत नाही. त्याने कोणाचे काही चोरलेले नसते. तो केवळ बाजूस होतो. परंतु त्याच्या वाट्याचे श्रम उरलेल्यांवर पडतात, आणि मग त्यांतील आणखी एक जण विहीर खणतो.

अमळनेर तालुक्यात ही गोष्ट वेगळ्या रूपाने दिसते. येथील गावांचा बराच भर विहिरींवर आणि कूपनलिकांवर आहे. विहीर ज्याच्या त्याच्या मालकीची असली, तरी खालच्या काळ्या खडकातील अथवा तापीकाठच्या गाळातील पाणी बांधाच्या खुणेवर थांबत नाही. एकाने खोल गेल्यास शेजाऱ्याची विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठते. तेव्हा पाटाप्रमाणेच या पाण्याचाही हिशेब गावाने एकत्र मांडावा लागतो. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने पाऊस मोजून पिकांचे नियोजन करण्याची आणि शेतीसाठी कूपनलिका न खणण्याची शिस्त अशीच लावून घेतली.

कालव्याखालील गावांस २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्था स्थापण्याचा मार्ग दिला आहे. तिच्या संचालकांत कालव्याच्या शिराकडील, मधल्या व शेपटाकडील शेतकऱ्यांना सारखे स्थान असते. संस्था कागदावर होणे सोपे. शिराकडील शेतकऱ्याने आपले दार वेळेवर बंद करणे कठीण. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने यासाठी पहिली बैठक चावडीत न घेता शेपटाकडील शेवटच्या शेतावर घ्यावी. पाण्याची पाळी चालू असण्याचा दिवस निवडावा. शिराकडील मंडळींना तेथवर चारीच्या काठाने चालवीत न्यावे, आणि पाणी कोठे फुटते, कोठे मुरते, शेवटच्या वाफ्यापर्यंत किती वेळाने पोहोचते, हे त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्यावे. पीक ठरविण्याची चर्चा त्यानंतर, तेथेच बांधावर बसून करावी.