भाऊबंदकी आणि राज्यांचा उदयास्त

आपल्या कणकवली तालुक्यांतील खारेपाटण हें फार जुनें ठिकाण आहे. तेथें सांपडलेला शिलाहार राजा रट्टराज ह्याचा ताम्रपट इ. स. 1008 सालचा आहे. तेथून खाडीनें खालीं उतरत गेलें म्हणजे मुखाशीं विजयदुर्ग लागतो. त्याचे भक्कम तट पाहून मनांत प्रश्न येतो कीं, असा किल्ला शत्रूच्या हातीं गेला कसा? ह्या धड्यांत आपण त्याचाच विचार करूं.

कान्होजी आंग्रे हे मराठी आरमाराचे सरखेल. इ. स. 1713 त ते शाहूमहाराजांच्या पक्षास मिळाले. किनाऱ्यावरील किल्ले आणि दस्तक ह्या दोहोंवर त्यांची सत्ता उभी होती. ज्या गलबतापाशीं त्यांचें दस्तक नसे, तें धरलें जाई. इंग्रजांस हें रुचलें नाहीं. 1721 त इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. 1724 त डच विजयदुर्गावर आले. दोन्ही वेळां शत्रूस हात हलवीत परत जावें लागलें.

1729 त कान्होजी वारले व 1733 त थोरले पुत्र सेखोजीही गेले. मग संभाजी व मानाजी ह्या भावांत कलह माजला. 1735 त पेशव्यांनीं वांटणी केली. कुलाबा मानाजीकडे आणि दक्षिणेकडील किल्ले संभाजीकडे राहिले. एका आरमाराचीं दोन झालीं. पुढें संभाजीमागून आलेल्या तुळाजीचें पेशव्यांशीं वांकडें आलें, तेव्हां पेशव्यांनीं इंग्रजांशीं करार केला. 1755 त सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्यें वॉटसन व क्लाइव्ह समुद्रांतून आणि पेशव्यांचें सैन्य जमिनीवरून, असा विजयदुर्गास वेढा पडला. आंग्र्यांचीं जहाजें बंदरांतच जळालीं, आणि तुळाजी कैद झाला.

दूर पश्चिम आफ्रिकेंतही असेंच घडलें. नायजर नदीच्या कांठीं सोंघाई नांवाचें मोठें राज्य होतें. सोनें व मीठ ह्यांच्या व्यापारावर तें वाढलें. टिंबक्टू हें त्याचें विद्येचें शहर. अस्किया महंमद ह्या थोर राजास त्याच्याच मुलानें पदच्युत केलें. पुढेंही गादीसाठीं भाऊ भावावर उठत राहिले. 1588 त यादवी झाली, आणि 1591 त मोरोक्कोच्या सुमारें 4,000 लोकांच्या बंदूकधारी फौजेनें तोंदिबीच्या लढाईंत सोंघाईच्या फार मोठ्या सैन्याचा पराभव केला.

कोणी म्हणेल, हा तर तोफाबंदुकांचा प्रताप. तें अंशतः खरें आहे. सोंघाईपाशीं बंदुका नव्हत्या. परंतु 1721 त कुलाब्यावर आलेल्या शत्रूपाशींही तोफा होत्याच! तेव्हां आंग्र्यांचें घर एक होतें, आणि पेशव्यांचें सैन्यही त्यांच्या मदतीस धांवलें होतें. 1756 त तेंच सैन्य शत्रूच्या बाजूस उभें होतें. आणि ज्यांनीं परक्यास बोलाविलें त्यांचें तरी काय झालें? 1818 त त्याच परक्यानें पेशवाईही बुडविली.

वाचकहो, ही केवळ राजांची गोष्ट नव्हे. आपल्या गांवांत बांधावरून, आंब्याच्या झाडावरून भाऊ कोर्टांत जातात. दावा चालतां चालतां बाग तिसऱ्याच्या हातीं जाते. वांटणी करणें पाप नव्हे. पण भावाला नमविण्यासाठीं तिसऱ्यास घरांत घेणें, हें आपल्याच तटास भगदाड पाडणें होय.

विचारासाठीं प्रश्न : 1. आंग्र्यांची सत्ता कशावर उभी होती? 2. 1721 व 1756 ह्या दोन प्रसंगांत भेद कोणता? 3. आपल्या वाडींत असा एखादा तंटा असल्यास तो घरांतच कसा मिटवितां येईल?